उत्तरेचा पाहुणा

"आणि गावाला सांगितलंस?" गेनलांनी विचारलं.

भार्गव लिमये गोंपाच्या गच्चीवर बसून दुर्बिणीची काच पुसत होता. तो हसला. म्हणाला, गावाला सांगून काय उपयोग? त्यांना त्यातलं काय कळणार?

गेनलांनी आपला चहाचा कटोरा उचलला, रिकामा आहे हे पाहिलं आणि परत खाली ठेवला...

ल्हारी हे लडाखमधलं खिंडीपलीकडचं शेवटचं गाव. त्याच्या डोक्यावर कड्याला चिकटून गोंपा, म्हणजे बौद्ध मठ. गेन थुपस्तन तिथले वृद्ध गुरू. आपण जसं 'गुरुजी' म्हणतो, तसं तिकडे त्यांना सगळे 'गेनला' म्हणत.

भार्गव मूळचा कऱ्हाडचा. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचा. ते सोडून जुने तर्कग्रंथ शिकायला तो इथे आला आणि राहिला. बुद्धी तल्लख होती, आणि ती आहे हे त्याला चांगलंच ठाऊक होतं. पाठ चालू असताना तो गेनलांनाही मध्येच अडवायचा. गेनलांना त्याचा राग आलेला कुणी पाहिला नव्हता.

लहानपणापासून त्याला एकच ओढ होती. ध्रुवाकडच्या आकाशात पेटणारा तो प्रकाश एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा. त्यासाठी तो एकदा पैसे साठवून पार उत्तरेच्या टोकाच्या देशात जाऊन आला होता. तो तिथे असेपर्यंत ढग हटले नव्हते. परतीच्या विमानात बसला तेव्हा आकाश निरभ्र झालं होतं.

आता वेधशाळेतल्या एका मित्राने फोनवर सांगितलं होतं, की सूर्यावर फार मोठं वादळ उठलं आहे. भार्गवने स्वतः गणित मांडलं. वादळ इतकं मोठं होतं की तो प्रकाश लडाखमधूनही दिसायला हवा होता. उत्तरेच्या क्षितिजावर, तांबडा.

"तांबडाच का?" गेनलांनी विचारलं.

भार्गवने सांगितलं, की तो प्रकाश आपल्यापासून फार लांब पेटतो. खालचा हिरवा भाग पृथ्वीच्या गोलाईआड राहतो. आपल्याला दिसतो तो नुसता वरचा शेंडा, आणि तो तांबडा असतो.

"म्हणजे गावाला आज नुसतं तांबडं आभाळ दिसणार."

"हो."

"आणि ते कशाचं, हे तुलाच ठाऊक."

भार्गव पुन्हा हसला. त्याला ती स्तुती वाटली.

*

तो प्रकाश दिसला, तेव्हा गावात जेवणं चालली होती.

आधी उत्तरेच्या डोंगरांवर विटकरी डाग पडल्यासारखं झालं. भार्गवला वाटलं, आपल्या डोळ्यांचाच भास आहे. त्याने डोळे चोळले. डाग पसरला, गडद झाला, आणि पाहता पाहता डोंगरांची काळी रांग लाल पडद्यापुढे उभी राहिली.

तो गच्चीवर एकटाच होता. काय करावं ते त्याला सुचेना. त्याने दोन्ही हात डोक्यावर ठेवले आणि तसाच उभा राहिला. आपलं गणित बरोबर ठरलं, हे त्याने स्वतःलाच दोनदा मोठ्याने सांगितलं.

मग त्याला खालून आरडाओरड ऐकू आली. पाठोपाठ ट्रकचं इंजिन सुरू झालं.

तो पायऱ्या उतरत पळाला.

घरं रिकामी करून सगळं गाव चौकात जमलं होतं. बायका पोरांना घोंगड्यांत गुंडाळत होत्या. गोबा रिग्झिन, म्हणजे गावचा पाटील, ट्रकच्या फाळक्याशी उभा राहून एकेकाला वर चढवत होता. गावात सर्वांत म्हातारी यांगझोम अबीले, म्हणजे यांगझोम आजी. तिने तरुणपणी डोंगरापलीकडे तोफा धडधडताना पाहिल्या होत्या. तेव्हाही उत्तर अशीच लाल झाली होती, असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती. तेव्हा लोक सकाळपर्यंत थांबले होते आणि तिचा भाऊ त्यात गेला होता. या वेळी कुणी थांबायचं नाही, असं तिचं म्हणणं होतं.

खिंड ओलांडून पलीकडे उतरायचं, असं ठरलं होतं. खिंडीतल्या रस्त्यावर बर्फ गोठला होता. त्या वळणांवर दिवसासुद्धा रिग्झिन ट्रक पुढे काढायच्या आधी उतरून रस्ता पाहून यायचा.

भार्गव गर्दीत शिरला आणि बोलू लागला. सूर्याचं वादळ, चुंबकीय क्षेत्र, विरळ हवेतला ऑक्सिजन, सगळं एका दमात. त्याचा शब्द न् शब्द खरा होता. कुणी ऐकलं, कुणी ऐकलं नाही.

रिग्झिन मात्र थांबला.

"मास्टरजी, हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं. कालपासून."

"मग सकाळी का नाही सांगितलंत?"

रिग्झिनने आपल्या नातीला उचललं आणि ट्रकमध्ये ठेवलं.

*

भार्गव धापा टाकत गोंपावर परत आला. गेनला गच्चीवर होते. एक हात भिंतीला टेकवून उत्तरेकडे पाहत उभे होते.

लोक निघालेत, भार्गवने सांगितलं. खिंडीत बर्फ आहे. अंधारात ट्रक एखाद्या वळणावरून खाली गेला, तर गावात कुणी उरणार नाही. मी सगळं समजावलं, पण ते ऐकत नाहीत.

"काय समजावलंस?"

"जे खरं आहे ते."

गेनलांनी खाली चौकातल्या ट्रकच्या दिव्यांकडे पाहिलं.

"पण उशिरा," भार्गव म्हणाला. "मला वाटलं, त्यांना काय कळणार. मला वाटलं, ते आभाळ माझं एकट्याचं."

गेनलांनी मान हलवली. मग त्यांनी आतल्या भिक्षूंना हाक मारली आणि मोठा कर्णा बाहेर काढायला सांगितलं.

भिक्षू एकमेकांकडे पाहू लागले. तो तांब्याचा कर्णा दोन पुरुष लांब होता. कुणी थोर लामा गावाच्या वाटेला लागले, तरच तो बाहेर निघायचा. त्याचा आवाज आला की गावाने हातातलं काम टाकून, पांढरे खतक घेऊन स्वागताला यायचं, अशी रीत होती. खतक म्हणजे मानाचं रेशमी उपरणं.

"कोण येतंय, गेनला?" एकाने विचारलं.

गेनलांनी हनुवटीने उत्तरेकडे दाखवलं.

कर्णा आला. पण त्याचं पुढचं तोंड टेकवायची लाकडी घोडी काही अंधारात सापडेना. शोधायला वेळ नव्हता. गेनलांनी भार्गवच्या खांद्यावर थाप मारली.

"बस इथे. तिकडे तोंड करून."

"मी?"

"हलू नकोस."

भार्गव गुडघ्यांवर बसला. थंडगार तांबं त्याच्या खांद्यावर टेकलं. मागे, दूर दुसऱ्या टोकाला, गेनलांनी ओठ लावले.

आवाज आधी कानांवर आलाच नाही. तो खांद्यातून हाडांत उतरला, फासळ्यांतून फिरला, दातांत थरथरला. मग दरीभर झाला. समोरच्या कड्याने तो परत पाठवला. गेनलांनी पुन्हा फुंकलं. आणि पुन्हा.

भार्गवला मागे वळून पाहता येत नव्हतं. ट्रकचं इंजिन घुरघुरत होतं, तेवढं ऐकू येत होतं. त्याला दिसत होती फक्त उत्तर.

तेव्हा कुठे त्याने ती नीट पाहिली.

लाल पडद्यातून उंच उंच खांब वर चढत होते. एक फिका व्हायचा, त्याच्या शेजारी दुसरा उभा राहायचा. खांबांमधून तारे दिसत होते, एकही झाकला गेला नव्हता. गणितात यातलं काहीच नव्हतं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि त्याला ते पुसता येईना, कारण हात हलवला असता तर कर्णा घसरला असता.

गेनलांनी आणखी एकदा फुंकलं. इतका लांब सूर त्या दरीने त्याआधी कधी ऐकला नसेल.

तो संपला, तेव्हा इंजिन बंद झालेलं होतं.

*

लोक वर आले. आधी दोघे-तिघे, मग सगळं गाव. रिग्झिन सर्वांत पुढे होता. त्याच्या हातात खतक होता आणि तो कुणाला घालायचा हे त्याला कळत नव्हतं.

"गेनला, कोण आलंय?"

"याला विचार," गेनला म्हणाले आणि बाकावर बसले.

सगळे भार्गवकडे पाहू लागले. त्याने खांद्यावरून कर्णा उतरवून ठेवला. या वेळी त्याने घाई केली नाही. तो यांगझोम अबीलेजवळ जाऊन बसला.

"अबीले, आग लागली की धूर होतो. धुरातून तारे दिसतात का?"

अबीले बराच वेळ आभाळाकडे पाहत राहिली. तिने एक तारा बोटाने दाखवला. मग दुसरा.

"नाही दिसत," ती म्हणाली. "हे दिसताहेत."

मग भार्गवने सांगितलं, की हा प्रकाश पृथ्वीच्या माथ्यावर राहतो. तिकडच्या लोकांना तो नेहमी दिसतो. आज तो इतका उंच उठलाय, की इतक्या लांबून आपल्यालाही त्याचा शेंडा दिसतोय. पोरांनी नाना प्रश्न विचारले. ज्यांची उत्तरं त्याला ठाऊक नव्हती, तिथे तो ठाऊक नाही म्हणाला. तसं त्याने ल्हारीत पहिल्यांदाच म्हटलं असेल.

रिग्झिनने आपला खतक गच्चीच्या उत्तरेकडच्या कठड्याला बांधला. ते पाहून बाकीच्यांनीही बांधले. पांढरे खतक वाऱ्यावर उडू लागले आणि त्या उजेडात गुलाबी दिसू लागले. कुणीतरी खाली जाऊन ढोल आणला. बायकांनी फेर धरला. यांगझोम अबीलेला दोघींनी हाताला धरून फेरात घेतलं. ती नाचत होती आणि भावाचं नाव घेत होती, आणि तिचा चेहरा हसरा होता.

लाली ओसरत गेली तरी ढोल थांबला नाही. लोकांनी तिला तसाच वाजतगाजत निरोप दिला.

गच्ची रिकामी झाल्यावर भार्गव गेनलांच्या पायाशी येऊन बसला.

"गेनला, तुम्हाला तर मी आधीच सांगितलं होतं. हे काय आहे ते तुम्हाला ठाऊक होतं."

"होतं."

"म्हणून तुम्हाला भीती वाटली नाही."

"वाटली ना, त्या खिंडीची," गेनला म्हणाले. "नाहीतर या वयात एवढा दम कुठून आला असता?"