हाका मारणारा हंडा

एका राज्यात उंच डोंगरावर एक देवराई होती. ती इतकी दाट, की भर दुपारी आत दिवा घेऊन जावे लागे. तिच्या पोटातून झरा निघे आणि सात गावांना पाणी पाजून नदीला मिळे.

राज्याचा राजा धवलसेन. त्याची राणी तरुणपणीच वारली आणि राजाचे अन्नपाणी तुटले. तेव्हा एक मांत्रिक दरबारी आला. म्हणाला, "महाराज, देवराईच्या तळाशी सोन्याचा हंडा पुरला आहे. त्यातून मेलेली माणसे बोलतात."

राजाने राई तोडवली. हजार कुऱ्हाडी चाळीस दिवस चालल्या. हंडा निघाला. मांत्रिकाने त्याला पहिला हात लावला आणि कान देऊन थबकला. तो जागच्या जागी वारूळ झाला. राजाने हंडा गाडीवर घालून महाली नेला. त्याच दिवशी झरा आटला. पुढच्या पावसात डोंगराची माती वाहून गेली. त्या उतारावर जे रोप लावावे ते संध्याकाळपर्यंत राख होई.

पायथ्याच्या गावात हौसा नावाची विधवा बाई राही. तिला एकच मुलगी, नऊ वर्षांची केवडा. एके दिवशी केवडा आटलेल्या विहिरीत उतरून वाटी-वाटीने पाणी भरत होती. विहिरीची कड ढासळली आणि पोर मातीखाली गेली.

तेरा दिवस हौसा कोणाशी बोलली नाही. चौदाव्या दिवशी ती उजाड डोंगर चढून गेली. तेथे एका खुंटावर धनेश पक्षी बसला होता.

"बाई, कशाला आलीस?" पक्ष्याने विचारले.

"कुठे जावे ते कळेना, म्हणून आले."

"माझी मादी ढोलीचे तोंड लिंपून पिल्लांसह आत बसली होती," पक्षी म्हणाला. "झाड पडले तेव्हा मी चारा आणायला गेलो होतो."

हौसा त्याच्याजवळ बसली. "मी सरपणाला गेले होते," ती म्हणाली.

मग धनेश म्हणाला, "राई तोडल्याचा शाप उतरवायला तीन कामे आहेत. वाहून गेलेली माती वर आणायची. दगड झालेले बी जिवंत करायचे. हंडा होता तेथे पुरायचा. एकटीने होणार नाही."

हौसा सात गावे फिरली. वीस बायका तिच्याबरोबर निघाल्या. त्यांत ठमाबाई सर्वांत थोरली. तिचे केस पांढरे, बोलणे तिखट, हात मात्र मऊ.

पहिले काम दोन वर्षे चालले. ती माती शापाने जड झाली होती. एक टोपली उचलायला चौघी लागत. नदीतून टोपली वर न्यायची, उतारावर दगडांचा बांध घालायचा, त्याच्याआड माती ओतायची. कितीदा पावसाने बांध फोडले. कितीदा त्यांनी ते पुन्हा रचले.

मग धनेशाने दूरच्या कड्यांवरून बी आणले. त्याचे खडे झाले होते. "हे नऊ महिने ओटीत बाळगा," तो म्हणाला. बायकांनी ते पदरात बांधले. त्यासह दळले, रांधले, झोपल्या. नऊ महिन्यांनी बियांना मोड आले. तिघींच्या ओटीतले मात्र दगडच राहिले. त्या तोंड लपवून रडू लागल्या, तेव्हा ठमाबाईने आपली ओटी त्यांच्या ओटीत रिकामी केली.

तिसऱ्या कामासाठी सगळ्या महाली गेल्या. राजा हंड्याला कान लावून बसला होता. त्याची दाढी जमिनीला टेकली होती.

"महाराज, राणीसाहेब काय बोलतात?" हौसाने विचारले.

"उघडा म्हणते."

"उघडलेत?"

"हजार वेळा. आत सोनेच असते. झाकण घातले की पुन्हा हाक मारते."

"महाराज, तुम्ही इथे ऐकत बसलात आणि तिकडे माझी मुलगी पाण्यासाठी मेली. हा हंडा डोंगराला परत द्या."

राजाने मान वर केली. कितीतरी वर्षांनी त्याने माणसाचा चेहरा पाहिला. "ने," तो म्हणाला, आणि हंड्यावरचे हात काढताना लहान मुलासारखा रडला.

खिडकीत येऊन बसलेल्या धनेशाने सांगितले, "जो उचलेल, त्याचेच माणूस बोलेल. उघड्या मातीवर जो ऐकत थांबेल, तो वारूळ होईल. राजा फरशीवर बसला, म्हणून वाचला."

हौसाने हंडा डोक्यावर घेतला. बायका तिचे नाव मोठमोठ्याने घेत मागेपुढे चालल्या. तरी तिला ऐकू आलेच.

"आई, पाणी मिळालं गं. झाकण काढ ना."

हौसाचा पाय अडखळला. पायाची दोन बोटे मातीची झाली.

"हौसे, चाल!" ठमाबाई ओरडली.

ती चालली. डोंगर चढली. खड्ड्यात हंडा ठेवला.

"आई, माती नको. आई, माती नको."

हौसाने डोळे मिटले नाहीत. तिने दोन्ही हातांनी माती लोटली आणि आवाज बंद होईपर्यंत लोटत राहिली.

मग बायकांनी ओटीतल्या बियांची रोपे लावली. संध्याकाळ झाली; एकही रोप राख झाले नाही. बांधाखालून आधी ओल आली, मग बोटाएवढी धार, मग झरा खळाळत सात गावांकडे निघाला. राजा अनवाणी डोंगर चढून आला. त्याने सगळ्यांसमक्ष तो डोंगर सात गावांच्या बायकांच्या हाती दिला. त्यांच्या होकारावाचून तेथे कुऱ्हाड चालणार नव्हती, राजाचीही नाही.

खाली गावांत ढोल वाजू लागले. हौसा खड्ड्याजवळच बसली होती. ठमाबाईने ओंजळीत पाणी आणले.

"मी तिच्यावर माती लोटली," हौसा म्हणाली.

"तिच्यावर नाही बाई, हंड्यावर."

"मला कळतं. हातांना कळत नाही."

ठमाबाईने हौसाचे दोन्ही हात झऱ्यात धरले, आणि नखांतली माती निघून गेल्यावरही बराच वेळ तसेच धरून ठेवले.