कथलाचे छर्रे

“...मग शिशानं तुमचं काय घोडं मारलं होतं, उस्ताद?”

उदयसिंहानं हे विचारलं ते बंदूक खाली न ठेवता, उभ्यानंच. शहरात नाव झालं की आधी बसायचं असतं हे माणसाला आठवत नाही.

मिरजेपलीकडच्या माळावर अल्लाबक्ष उस्तादांची चांदमारी. मागं मातीचा बांध, पुढं कागदावरचे काळे चांद. बंदुका सगळ्या जुन्या, स्प्रिंगच्या, नळी मोडून छर्रा भरायच्या. मीही तिथंच शिकले. बाईमाणसानं बंदूक धरावी का, असं विचारणारे आता कुणी उरले नाहीत. मी आहे.

उदय उस्तादांचा लाडका चेला. दसऱ्याच्या नेमबाजीत दोनदा हरलेला. यंदा हरलो तर बंदुकीला हात लावणार नाही, असं घरी सांगून आला होता. आणि इथं उस्तादांनी शिशाचे छर्रे बंद केलेले. डब्यात फक्त कथलाचे. हलके, टणक.

“हे कथील ऐकत नाही,” उदय म्हणाला. “एक इकडं, एक तिकडं. माझ्या खिशात शिशाचे आहेत. चालतील?”

“बाहेर चालतील.”

उदयनं ओठ आवळले. डब्यातले चार छर्रे उचलून गालात टाकले आणि नळी मोडली. आमच्या चांदमारीची ही जुनी सवय. छर्रे गालात ठेवायचे, भरताना जिभेनं एकेक पुढं आणायचा. उस्तादांनीच लावलेली.

उस्तादांनी त्याच्या हनुवटीखाली तळहात धरला. लहान पोरानं तोंडात खडा घातला की धरतात तसा.

“थुंक.”

“अहो, कथलाचेच आहेत.”

“सवय शिशाची आहे. पोटात गेलं की शिसं विष.”

...

त्यानं छर्रे तळहातावर थुंकले. कान लाल झाले होते.

उस्तादांनी हात धोतराला पुसला. उदयनं डब्यातला छर्रा बोटांनी भरला आणि बंदूक खांद्याला लावली. बंदुकीखालची उदयची मूठ धरली आणि एकेक बोट उघडलं. बंदूक नुसती तळव्यावर राहिली.

“अशी सोडली तर उसळेल, उस्ताद.”

“उसळू दे. छर्रा हलका, स्प्रिंग हिसका देणारच. तू तिला दाबून ठेवतोस, म्हणून ती तुला फसवते.”

उदयनं चाप ओढला. बंदूक तळव्यावर मागं-पुढं झाली. चांदाच्या मधोमध भोक. दुसरं त्याला चिकटून.

तो हसला. मिसरूड फुटायच्या आधीचा उदय मला क्षणभर दिसला.

मग तो बसला. एकदाचा.

“जमेल दसऱ्याला,” म्हणाला. “पण शिशाला एवढे लाड लागत नव्हते. कशीही धरा, लागायचं.”

“लागायचं.”

“काय दिवस होते ते. तुमचा तो गुळाचा चहा. आणि बांधावर होले, कबुतरांएवढे. इतके घुमायचे की नेमावर मन लागायचं नाही. हाकलायला गेलो की तुम्ही माझ्यावरच खेकसायचात. पाव्हणे आहेत म्हणायचात.”

“पोटात दाणा दळायला बारीक खडे लागतात त्यांना. बांधाच्या मातीत टिपत बसायचे.”

“गेले कुठं सगळे?”

उस्ताद बांधाकडं बघत राहिले. आम्हा सगळ्यांच्या तरुणपणाचं शिसं त्या मातीत आहे.

माळावर वारा होता. दुसरा आवाज नव्हता...

उदयच्या खिशातली डबी वाजली. त्यानं ती हातानं दाबून धरली.

“आपण तर एकालाही मारलं नाही कधी,” तो हळूच म्हणाला.

“नाही,” उस्ताद म्हणाले. “नेम धरून एकही नाही.”