जाळ्यावरचा नवखा

“आनि ससो नुसतो बसलेलो गावलो तर, बाबा? तेका मारूचो की नाय?”

वाडीतल्या म्हाताऱ्या खेलूबाबांनी मान वर केली नाही. ते जाळ्याची तुटलेली घरे सांधत बसले होते आणि धाकूचे प्रश्न सकाळपासून माशांसारखे त्यांच्या कानाभोवती घोंगावत होते.

“बसलेल्याला हात लावायचा न्हाई,” शेवटी ते म्हणाले. “उठू द्यायचा. पळू द्यायचा. मंग जाळं.”

“आनि तो उठलोच नाय तर?”

“तर तूबी बस.”

धाकूला हसू आले नाही. त्याला हसण्याची सोयच राहिली नव्हती.

तो खालचा, कोकणातला. समुद्रावर वाढलेला. खडकावर आपटून होडी फुटली, तसा बायकोला घेऊन घाट चढून वर आला. सुंदरा पोटुशी होती. वाटेतल्या गावांनी त्यांना पाणी दिले, पण जागा कुणी दिली नाही. ह्या वाडीने ओढ्याकाठी पाल ठोकू दिले होते, तेही शिकारीच्या दिवसापर्यंतच.

ही गोष्ट शिकारीवर बंदी यायच्या आधीची. होळी झाली की सगळी वाडी माळावर उतरे. हाका घालणारे गवतातून ससे उठवत आणि टेकड्यांच्या खिंडीखिंडीत एकेक माणूस जाळे लावून उभा असे. संध्याकाळी वाटे पडत. ज्याच्या चुलीवर वाटा गेला तो वाडीचा. त्याने खुशाल झोपडी बांधावी. बाहेरून आलेल्याला एकदा जाळ्यावर उभा करायचा आणि मग पंचांनी ठरवायचे, ह्याला वाटा द्यायचा की वाट दाखवायची.

शिकार उद्यावर आली होती आणि धाकूने उभ्या जन्मात ससा पकडलेला नव्हता.

“जाळं बांध बगू,” बाबा म्हणाले.

जाळे म्हटल्यावर धाकूच्या जिवात जीव आला. हे तर त्याचे रोजचे काम. त्याने दोन खुंट्यांमध्ये जाळे असे ताणले की वाऱ्याने त्याची दोरी वाजू लागली. मग छाती काढून जाळ्याशेजारी उभा राहिला.

बाबांनी डोक्याचे मुंडासे काढले, त्याचा गोळा केला आणि जाळ्यावर भिरकावला. गोळा उलटा उडाला आणि धाकूच्याच तोंडावर बसला.

“ग्येला तुझा ससा.”

“बाबा, आमच्याकडे जाळा असाच...”

“हितं ढिलं. ताणलेल्यावरनं ससा उडतो. ढिल्यात गुरफाटतो.”

“ढिला सोडलंय तर सुटतलो मा?”

“सोड तर खरं.”

धाकूने दोऱ्या सैल केल्या. पण हाताला ते पटत नव्हते. बाबांची नजर चुकवून त्याने एक गाठ पुन्हा आवळली. बाबांनी जाता जाता पायाच्या अंगठ्याने ती सैल केली.

“सापडला की आधी पोटाखाली हात घालून बगायचा,” थोड्या वेळाने ते म्हणाले. “दूध लागलं हाताला, तर सोडून द्यायची. तिची पिल्लं आसत्यात कुठंतरी गवतात.”

धाकू बघतच राहिला. त्याच्या गावी गाबोळीने भरलेला मासा मिळाला म्हणजे त्या घरी सण. पोटात अंडी आहेत म्हणून मासा पाण्यात परत टाकणाऱ्याला लोकांनी वेड्यात काढले असते.

“पन कोणाक कळतला, बाबा? खिंडीत मी एकटोच.”

बाबांचा सुईचा हात थांबला.

“व्हय,” ते म्हणाले. “एकलाच.”

...

“आनि दुधाची होती म्हणान सोडलंय, असा मी सांगितलंय, तर लोकांका खरा वाटात? मी आवशीची शपथ घेईन, बाबा.”

धाकू उठता बसता आईची शपथ घेई. ओढ्याला पाणी आहे हेही शपथेवर सांगे. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तसे झाले होते त्याचे. वाटेतल्या गावांत तो खरे ते सांगत होता आणि लोक त्याच्या गाठोड्याकडे बघत होते.

“जाळ्यावरच्या माणसाला हितं शपथ कुणी मागत न्हाई.”

“मगे कसा पटतला लोकांका?”

बाबांनी दोरा दातांनी तोडला.

“आजून एक नियम ऱ्हायलाय. त्यो उद्या.”

“आज सांगा. उद्या मी इसारतलंय. माझा डोक्या आताच फिरला हा.”

“उद्या.”

धाकूला घास गोड लागला नाही. सुंदराने विचारले, “सगळा शिकलास मा?” तो म्हणाला, “एक ऱ्हवला.” मग तिच्या पोटाकडे बघून तो उगाच पालाच्या दोऱ्या घट्ट करत बसला.

सकाळी बाबा त्याच्याबरोबर खिंडीपर्यंत आले. पाण्याची छागल खांद्यावर, हातात काठी. जाळ्यापासून थोडे खाली एक धोंडा होता. त्याच्या पलीकडे, माळाकडे पाठ करून ते बसले.

“असे फिरान कित्याक बसलात, बाबा? तुमी बघूचा नाय?”

“शिकार तुझी हाय. म्या कशाला बगू?”

हाका सुरू झाल्या. दूरवर थाळ्या वाजत होत्या, माणसे ओरडत होती. जाळे वाऱ्यावर लोंबत होते, एखाद्या गबाळ्या माणसाच्या धोतरासारखे. आता घट्ट करावे का? अजून वेळ आहे... त्याने दोरीला हात घातला, काढला, पुन्हा घातला.

तेवढ्यात ससा आला.

तो सरळ जाळ्यात घुसला आणि गुंडाळला गेला. बाबांचे खरे झाले. धाकूने झडप घातली, मागचे पाय धरले, मान दाबली. मोठा थोरला ससा होता. धाकूला एकदम झोपडी दिसली. तिचे दारसुद्धा दिसले.

मग त्याला नियम आठवला. न आठवता तर बरे झाले असते, असेही त्याला वाटून गेले. त्याने पोटाखाली हात घातला.

हात ओला झाला.

तो तसाच गुडघ्यावर बसून राहिला. इकडे कुणी नव्हते. बाबांची पाठ होती. हात मातीला पुसला की संपले. तळव्याखाली मादीचे काळीज धडधडत होते आणि आपलेही तसेच, की ते आपलेच, हे त्याला कळेना. तो फार भ्याला होता.

त्याने हात उघडले.

असे का केले, हे त्याला पुढे कधीही नीट सांगता आले नाही. ती गवतात दिसेनाशी झाली आणि त्याच क्षणी टेकडीवरून हाक आली.

“ए नव्या! घावला का? तुझ्याच जाळ्याकडं आलाय!”

हाक पंच मायाप्पाची होती. मागे माणसांचा घोळका उतरत होता. सगळ्यांनी ससा खिंडीत शिरताना बघितला होता आणि जाळे रिकामे होते.

धाकू धोंड्याकडे धावला. उजवा हात त्याने काठोकाठ भरलेली वाटी न्यावी तसा पुढे धरला होता. तळव्यावर दूध होते, दुधाला चिकटलेले दोन-चार केस होते.

“बाबा, बघा! वास घेवा. आवशीची शपथ, दुधाची होती!”

बाबांनी हात जवळ ओढला. वास घेतला.

“दूध हाय,” ते म्हणाले.

“मगे तुमी सांगा तेंका. तुमका सगळे मानतत. नाय तर मीच दाखवतंय, पन सुकायच्या आदी दाखवूक होया. वारो बघा कसो सुटलो हा...”

बाबांनी छागलीचे तोंड सोडले. धाकूला वाटले, म्हातारा पाणी पिणार.

बाबांनी पाणी त्याच्या तळव्यावर ओतले. एकेक बोट धरून चोळले, बोटांच्या बेचक्यांत अडकलेले केस काढले आणि धोतराच्या सोग्याने हात कोरडा केला, लहान मुलाचा करावा तसा. धाकूच्या ध्यानात आले तोवर तळवा स्वच्छ झाला होता.

“बाबा... ह्या काय केलात?”

बाबा छागलीचे तोंड बांधत होते.

“माझ्याकडे तेवढाच होता, बाबा. आता मी तेंका काय दाखवू? माझी बायल... तिका घेवन मी खय जाव?”

पावले जवळ आली. मायाप्पा जाळ्यापाशी पोहोचला होता. रिकामे जाळे त्याने हातात उचलून धरले होते आणि सगळे धाकूकडे बघत उभे होते.

बाबांनी काठीने त्याला हलकेच पुढे ढकलले.

“हात पावणा दाखवतो,” ते म्हणाले. “ह्योच त्यो ऱ्हायलेला नियम. जा. तू तोंडानं सांग.”