शिरक्याचा चमचा

“आधी तेल की आधी शिरका?”

ब्रदर इनास यांनी एवढंच विचारलं आणि पाण्यातली सॅलडची हिरवी पानं ते फडक्यावर निथळायला काढू लागले.

बावतीसला हसू आलं. शहरातल्या मोठ्या हॉटेलात त्याच्या हाताखाली चाळीस आचारी होते. येत्या रविवारी तो स्वतःची स्वयंपाकाची शाळा उघडणार होता. आणि म्हातारा त्याला पहिलीतला प्रश्न विचारत होता.

“आधी शिरका, ब्रदर. त्यात मीठ. मीठ विरघळलं की मग तेल, एका चमच्याला तीन चमचे. मीठ तेलात विरघळत नाही. तुम्हीच शिकवलंत.”

“मग कर.”

वसईकडे, भाजीच्या वाड्यांमध्ये हा लहानसा ख्रिस्ती आश्रम आहे. तिथलं स्वयंपाकघर चाळीस वर्षं ब्रदर इनास यांच्याकडे. बावतीस विसाव्या वर्षी त्यांच्याकडे शिकायला आला, पाच वर्षं राहिला, आणि गेला तो आज चौदा वर्षांनी उगवला. हातात उंची ऑलिव्ह तेलाची बाटली होती आणि शाळेची सोनेरी निमंत्रणपत्रिका. ब्रदरनी रविवारी यावं, डोक्यावर हात ठेवावा, चारचौघांत ‘हा माझा शिष्य’ म्हणावं, एवढीच त्याची विनंती होती.

ब्रदर अजून हो म्हणाले नव्हते. नाहीही म्हणाले नव्हते.

बावतीसने बाही सारली. वाडग्यात शिरका, म्हणजे व्हिनेगर, ओतला आणि सवयीने नाकाजवळ नेला.

“हा बाजारचा आहे.”

“हो.”

“आपली बरणी...”

पुढचे शब्द त्याने गिळले. पण निघायचं ते तोंडातून निघून गेलं होतं.

ती बरणी कोपऱ्यात असायची, कमरेइतकी उंच, चिनी मातीची. तिच्यात ताडीचा शिरका मुरायचा. वर एक जाड साय धरलेली असे. जीव त्या सायीत. दर आठवड्याला थोडी ताजी ताडी घालायची, मग साय तिचा शिरका करायची. सायीला वारा लागतो, म्हणून तोंडाला फक्त पातळ फडकं. आणि शेजारी खिळ्याला करवंटीचा एक चमचा. त्या बरणीत त्याच्याशिवाय दुसरा चमचा जायचा नाही. तेलाचा तर नाहीच. वर तेलाचा तवंग धरला की सायीचा श्वास कोंडतो. नव्या माणसाला पहिलं वर्षभर बरणीला हात लावायची मुभा नव्हती.

ताडावर चढणारा, ताडी उतरवणारा, बरणीला खाऊपिऊ घालणारा माणूस म्हणजे कायतान. पन्नाशीचा, काळाकुळकुळीत, फारसा न बोलणारा.

“बरणी गेली,” ब्रदर म्हणाले. “तू जायच्या आधी महिनाभर.”

“हो... कायतानकाकांनी तेलाचा चमचा घातला होता.”

“असं सगळे म्हणतात.”

बावतीसने मीठ टाकलं आणि गरजेपेक्षा जास्त वेळ ढवळत राहिला. मग मिरपूड, मग तेलाची बारीक धार. मिश्रण छान दाटसर झालं. हातातली कला कुठे जाणार...

“वाढ.”

ब्रदरनी पानं तीन थाळ्यांत काढली होती. एक स्वतःपुढे, एक बावतीसपुढे. तिसरी दाराजवळ, पाटापुढे.

बावतीसने तिन्ही थाळ्यांवर मिश्रण सोडलं. दाराकडच्या थाळीपाशी त्याचा हात जरा थबकला. त्या पाटावर कायतान जेवायचा. पायाला माती असते म्हणून तो कधी आत सरकला नाही.

“काका येणार आहेत?”

ब्रदरनी ओले हात फडक्याला पुसले.

“कुठे असतात ते आता?”

“कबरस्तानात. ईस्टरच्या आधी गेला.”

पलीकडच्या जेवणघरात आश्रमाची मंडळी जेवायला बसली होती. भांड्यांचा आवाज येत होता. बावतीसने चमचा वाडग्यात ठेवला.

“इथून गेल्यावर कोणी काम दिलं नाही त्याला,” ब्रदर म्हणाले. “आश्रमाने काढलेला माणूस. कोण उभं करणार? सणाला यायचा. चर्चच्या पायरीशी थांबायचा. आत ये म्हटलं तरी आत आला नाही.”

“ब्रदर...”

“जेव. पानं मऊ पडतील.”

“ब्रदर, तो चमचा माझा होता.”

म्हाताऱ्याने ओलं फडकं पिळून ओट्यावर पसरलं.

“बिशपसाहेब जेवायला येणार होते. घाई होती. करवंटी कुणीतरी धुवायला नेली होती. मी हातातलाच चमचा बुडवला. तेलाचा आहे हे बुडवल्यावर लक्षात आलं. चार दिवसांनी साय काळी पडली, घाण सुटली. तुम्ही सगळ्यांना उभं करून विचारलंत. मला वाटलं, सांगितलं तर मला हाकलतील. मग मी जाणार कुठे? काका म्हणाले, ‘मी नाही.’ एकदाच म्हणाले. मी तोंड उघडलं नाही.”

डोळे भरून आले. आणि खरं सांगायचं तर त्याला हलकंही वाटलं. कबूल केलं की समोरच्याने पाठीवर हात ठेवायचा असतो, अशी त्याची समजूत होती. पुष्कळांची असते.

“चौदा वर्षं मला नीट झोप नाही, ब्रदर. म्हणून इकडे फिरकलो नाही. मला क्षमा करा.”

ब्रदरनी थाळीतलं एक पान उचललं, पाहिलं, परत ठेवलं.

“मला ठाऊक होतं.”

बावतीसला आधी कळलंच नाही.

“काय ठाऊक होतं?”

“तूच ते.”

“कधीपासून?”

“बरणीवरचं फडकं काढलं तेव्हापासून. तवंगात लसणाची करपलेली पाकळी होती. लसणाचं तेल इथे एकटा तूच करायचास.”

चौदा वर्षं बावतीसने जे छातीशी धरून लपवलं होतं ते म्हाताऱ्याने पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. आधी त्याला लाज वाटली. मग संताप आला, आणि संतापाने त्याला धीर दिला.

“मग काकांना का काढलंत?”

ब्रदरनी वाडगा आपल्याकडे ओढला.

“बोला ना, ब्रदर! ठाऊक होतं तर त्या गरिबाला का घालवलंत?”

जेवणघरातला आवाज थांबला. कुणीतरी डोकावून गेलं. वाडग्यात उरलेलं मिश्रण फुटलं होतं. तेल वर आलं होतं, शिरका तळाला गेला होता.

“कुणाला तरी काढावं लागणार होतं,” ब्रदर हळू म्हणाले. “तुझ्या हाताला चव होती. असा मुलगा मला चाळीस वर्षांत दुसरा मिळाला नाही. कायतानच्या हाताला काय होतं... नुसते घट्टे.”

“हे चुकीचं होतं.”

“हो.”

“तुम्ही देवाच्या घरात राहता!”

“हो.”

बावतीस उभा राहिला होता तो पुन्हा खाली बसला. ज्याची क्षमा मागायची तो जमिनीखाली होता. ज्याच्याकडे मागायला आलो तो आपल्याच ओळीत बसलेला निघाला. सोनेरी पत्रिका ओट्यावर पडली होती, तिच्यावर तेलाचं बोट उमटलं होतं.

पलीकडे भांडी घासायला सुरुवात झाली.

मग बावतीसने विचारलं. आवाज इतका खाली गेला होता की ब्रदरना पुढे वाकावं लागलं.

“रविवारी... याल?”

ब्रदर उठले. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. दाराशी गेले. पाटापुढची तिसरी थाळी उचलली. पानं केव्हाच मलूल झाली होती, शिरक्याने काळवंडून एकमेकांना चिकटली होती. त्यांनी ती आणून बावतीसपुढे ठेवली आणि त्याची स्वतःची थाळी बाजूला सरकवली.

“चौदा वर्षं त्याची थाळी रोज वाढतो आणि मीच खातो,” ते म्हणाले. “आज तू खा.”