वस्तादांच्या गाडीचं चेंबर

“...आणि शपथ घालूनबी त्यो गेला तर, वस्ताद?”

बाबालाल वस्ताद आपल्या जुनाट मोटारीखाली पाठीवर आडवे होते. पुढची चाकं फळ्यांच्या चढावर चढवलेली, मागच्या चाकांना विटा लावलेल्या. इंजिनाच्या बुडाशी जे तेलाचं चेंबर असतं, ते गळत होतं. आतलं तेल आधीच घमेल्यात काढून घेतलं होतं.

विचारणारा सर्जेराव हा त्यांचाच जुना पठ्ठा. आता गावात त्याची स्वतःची तालीम होती आणि तिचा तोराही होता. पण तिथला सगळ्यात गुणी पोरगा, कुलदीप, उद्या सकाळी सांगलीच्या मोठ्या तालमीत निघाला होता. आज संध्याकाळी त्याचा हात आखाड्याच्या मातीवर ठेवायचा आणि थांबण्याची शपथ घ्यायला लावायची, असं सर्जेरावानं ठरवलं होतं. वस्तादांनी नुसती मान डोलवावी, एवढ्यासाठी तो आला होता.

“पाना दे,” वस्ताद म्हणाले.

“तुमी ऱ्हावू द्या. मी काढतो.”

सर्जेराव त्यांच्या शेजारी सरकला. बोल्ट हलेनात. पैलवान गडी, पण दंडाच्या शिरा तट्ट फुगल्या.

“कुणी आवळलंय एवढं?”

वस्तादांनी चिंधीनं बोल्टाचं डोकं पुसलं.

“...मीच की,” सर्जेराव म्हणाला. “दरवेळी येतो, थेंब दिसतो, आवळून जातो. तरी गळतंयच.”

“व्हय. वाढलंय.”

शेवटचे दोन बोल्ट वस्तादांनी पुरते काढू दिले नाहीत, नुसते सैल ठेवले. मग लाकडी हातोडीनं कडेकडेनं टकटक केलं. चेंबर आणि इंजिन यांच्या मधलं जुनं पॅकिंग सुटलं आणि चेंबर अलगद त्या दोन बोल्टांवर टेकलं. ते काढून त्यांनी रॉकेलनं धुतलं आणि शहाबादी फरशीवर पालथं घातलं.

“वाकून बघ.”

सर्जेरावानं फरशीला गाल लावला. काठाखालून पलीकडचा उजेड दिसत होता. बोल्टाच्या प्रत्येक भोकाशी पत्रा आवळून आवळून दबून वाकला होता, आणि दोन भोकांच्या मधे फट पडली होती.

तसाच पडून तो म्हणाला,

“पोटच्या पोरागत वाढवलाय त्याला, वस्ताद. त्यो गेला की माझी तालीम ओस पडंल. लोक हसतील ते येगळंच... पर खरं सांगू? करमायचं न्हाई मला.”

“न्हाईच करमायचं.”

वस्तादांनी काठ लाकडाच्या ठोकळ्यावर धरला आणि हळूहळू ठोकून सपाट केला. नवं पॅकिंग बसवलं. दोघं पुन्हा गाडीखाली गेले.

सर्जेरावानं पाना मुठीत धरला. वस्तादांनी त्याची मूठ सोडवली.

“तीन बोटांनी धर.”

“तीन बोटांत काय जोर येनार?”

“येईल तेवढाच लाव.”

एक या अंगाचा, एक त्या अंगाचा, असे बोल्ट थोडेथोडे बसत गेले. दरवेळी सर्जेरावाचा हात आवळायला आणखी अर्धा आटा मागायचा. दरवेळी तो आवरायचा. एवढा घाम त्याला कुस्तीतही आला नसेल.

नवं तेल भरलं. इंजिन चालू करून ठेवलं आणि खाली वर्तमानपत्र अंथरलं. दोघांनी ओसरीवर बसून चहा घेतला. चहा संपल्यावर सर्जेरावानं कागद ओढून बघितला. कोरडा होता.

“मग वस्ताद... ते शपथेचं?”

वस्ताद चिंधीनं हात पुसत होते. मग उठले, इंजिन बंद केलं, गाडीची किल्ली काढली आणि सर्जेरावाच्या तेलकट हातावर ठेवली.

“पोराच्या ट्रंकंला यष्टीत जागा गावायची न्हाई. सकाळी ही गाडी घे, आनि तूच त्याला सांगलीला सोडून ये.”