गुहेच्या दारातली बाळंतीण

बाळांनो, धाकट्याच्या वेळी मी देवीला बोलले होते, "आई, सुखरूप सोडव, माझ्या जेवणाआधी रोज मुक्या जिवाचा घास काढीन." तिनं ऐकलं. ते व्रत अजून चालू आहे, आणि घास काढताना मला ही गोष्ट हमखास आठवते.

एका रानात एक मिजासखोर कोल्हा राहत असे. एकदा रानाला वणवा लागला, तशी सारी जनावरं जीव घेऊन नदीकाठच्या गुहेकडे धावली. कोल्हा दारातच उभा राहिला. "खूरवाले उजवीकडे, पंजेवाले डावीकडे! ए वटवाघळीण, तुला पंख आहेत ना? मग जा पाखरांत." तेवढ्यात एक गरोदर बाई धापा टाकत आली. "ही कोण? ना खूर, ना शेपूट, अंगावर धड केससुद्धा नाहीत! आमच्यातली नव्हेस तू. हो बाजूला." धूर जवळ येत होता. बाईला पुढे पाऊल टाकवेना. ती दारातच बसली आणि तिथेच बाळंत झाली.

नाळ पाहून हरिणी लगबगीनं पुढे आली. "अगंबाई, नाळ! म्हणजे आमच्या पाडसांसारखंच हे बाळही पोटात आईच्या वारेतून, या नाळेवाटे पोसलं गेलंय." "माझंसुद्धा," बाहेरून वटवाघळीण म्हणाली. नाळ कापायला बाईजवळ काहीच नव्हतं. तेव्हा एक उंदरीण आली आणि तिनं इवल्या दातांनी ती अलगद कुरतडली.

बाईचे डोळे भरले. "धान्याच्या कणगीपाशी मी तुलाच रोज हुसकावते गं!"

"असू दे, ताई. माकडं तुमची सख्खी, पण त्यांच्यामागोमाग आम्ही आणि ससेच की! हरिणी, कोल्हा, वटवाघळीण ही चुलतघरची."

"आणि मी तर फारच लांबची," हत्तीण म्हणाली, "पण वारेवर वाढलेली आपण सगळीच. सरक रे कोल्होबा, बाईला आणि वटवाघळिणीला, दोघींना आत येऊ दे."

"येऊ दे, पण हिला बसवू कुठे?" कोल्हा पुटपुटला. बाळानं तोवर आतून पुढे आलेल्या एका माकडिणीचं बोट घट्ट धरलं होतं. कोल्हा सरकला आणि त्यानं माकडिणीशेजारची जागा दाखवली. वणवा विझल्यावर बाई बाळासह सुखरूप घरी गेली. तेव्हापासून कणगीशेजारी रोज मूठभर दाणे वेगळे ठेवलेले असत.

तात्पर्य : रूपं निराळी असली तरी आपण एकाच मोठ्या कुटुंबातले आहोत, हे उपकार मानून लक्षात ठेवावं. बाळांनो, आज पानावर बसाल तेव्हा एक घास तुम्हीही बाजूला काढा हं.