कुंभाराची कोरडी होडी

समुद्र तेव्हाही खारटच होता, पण माणसं थोडी होती आणि वाटा त्याहून थोड्या. त्या काळची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी ऐकत नसल्याचं सोंग करून ऐकावी.

एका खाडीच्या तोंडाशी एक गाव होतं. त्या गावात एक कुंभार राहायचा. बायको लवकर गेली, मागे एकच लेक. तिला त्याने तळहातावरच्या फोडासारखं जपलं, वाढवलं आणि दूरच्या गावी दिलं. दूर म्हणजे किती? जमिनीने जायचं तर मधे चार खाड्या, दोन घाट आणि बैलगाडीचे आठ दिवस. समुद्राने गेलं तर दोनच दिवस.

लेकीला भेटायला म्हणून कुंभार एकदा व्यापाऱ्यांच्या गलबतात बसला. जन्मात पहिल्यांदा त्याने आपला मुलूख समुद्रावरून पाहिला आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. ज्या डोंगराची माती तो रोज तुडवत होता, तो डोंगर एवढा उंच होता होय? त्याच्या पायथ्याशी सगळं गाव मिळून नखाएवढं. एकामागून एक खाड्या येत होत्या, आणि प्रत्येकीचं पाणी वेगळ्या रंगाचं. कुठे काळा कडा थेट लाटांत उतरलेला, कुठे पांढरी वाळू, तिच्यावर माणसाचं एक पाऊलही नाही.

"हे ज्याने घडवलं, त्याचं चाक केवढं असेल!" कुंभार स्वतःशीच म्हणाला आणि त्याने नकळत हात जोडले.

दुसऱ्या दिवशी लेकीचं गाव दिसलं. वाळूवर हिरव्या लुगड्यातली एक बाई उभी होती.

"थांबवा, इथेच थांबवा!" कुंभार ओरडला.

"इथे खडक आहेत, बाबा," गलबताचा मालक म्हणाला. "लहान होडी असती तर घातली असती आत. हे गलबत इथे लागायचं नाही."

गलबत पुढे गेलं. हिरवं लुगडं लहान होत होत दिसेनासं झालं. ती आपली लेकच होती, असं कुंभाराला नंतर कितीतरी दिवस वाटत राहिलं. लेकीला न भेटताच परत येईपर्यंत त्याच्या मनाने एकच घेतलं होतं. आपली होडी हवी. लहान असेना का, पण आपण म्हणू तिथे थांबणारी.

पुढच्या वर्षी सांगावा आला की लेकीला दिवस गेलेत. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हा रिवाज. कुंभाराने उलट सांगावा धाडला, "चैत्राच्या पुनवेला माझ्या स्वतःच्या होडीतून न्यायला येतो. वाळूवर ये." बाळ यायला त्यानंतरही महिनाभराचा अवकाश होता.

खाडीकाठी होड्या बांधणारा एक म्हातारा सुतार होता. त्याने होळीपर्यंत होडी उभी केली. कुंभार रोज जाऊन बसायचा. सरळ फळी तापवून वाकवताना पाहायचा, फटींत कापूस आणि राळ ठासताना पाहायचा. होडी पुरी झाली त्या दिवशी तिच्या पोटावरून हात फिरवताना त्याला रडूच आलं. असं काही आपलं असू शकतं, हेच त्याला खरं वाटेना.

"झाली हो," सुतार म्हणाला. "आता हिला पाणी पाजा."

"म्हणजे?"

"पोटात दगड भरायचे आणि खाडीत बुडवायची. सात दिवस तळाशी ठेवायची. मग वर काढायची."

कुंभार दचकला. "नवी कोरी होडी चिखलात बुडवू? अहो, आमच्यात मडकं सावलीत सुकवतात. जेवढं कोरडं, तेवढं पक्कं. ओलं राहिलं तर भट्टीत तडकतं."

"मडक्याची रीत मडक्याला. लाकडाला पाणीच पाजावं लागतं."

कुंभाराने मान हलवली, पण आयुष्यभर मातीत घातलेला हात काही वेगळंच सांगत होता. त्याने होडी घरी ओढून आणली, मडकी सुकवायच्या छपराखाली ठेवली आणि रोज फडक्याने पुसली. पोरंसोरं होडीला हात लावायला आली की तो काठी घेऊन धावायचा. गाव हसलं, "कुंभाराने होडी वाळत घातली!" कुंभार मनात म्हणाला, हसा लेको, पुनवेला बघा.

पुनव तीन दिवसांवर आली. पलीकडच्या तीरावरचा एक म्हातारा तांडेल होडी हाकायला तयार झाला. त्याने एकच विचारलं, "पाणी पाजलंय ना?"

"पाजलंय की," कुंभार म्हणाला. खोटं बोलताना त्याने नजर दुसरीकडे वळवली.

शीड भरलं आणि होडी निघाली. आपल्या होडीतून पाहिलेला समुद्र वेगळाच होता. कुंभार म्हणे, "त्या कड्याजवळून घ्या," की होडी जाई. दुपारी पाण्यातून मोठ्या माशांची रांग उसळली आणि होडीच्या बाजूने चालू लागली, जशी काही सोबतच करायला आली होती. कुंभार हरखून पाहत होता. तेवढ्यात त्याचे पाय ओले झाले.

महिनाभर सुकलेल्या फळ्या आकसल्या होत्या. कापूस सैल झाला होता. दहा ठिकाणांहून पाणी आत येत होतं.

तांडेलाने खाली पाहिलं, मग कुंभाराकडे. "पाजलं नव्हतंस," तो म्हणाला. त्याने सुकाणू किनाऱ्याकडे वळवलं.

लेकीसाठी नेत असलेल्या मडक्यांनी कुंभार पाणी उपसू लागला. चार मडकी फुटली. पाचव्याने उपसत उपसत होडी कशीबशी एका निर्जन खाडीत शिरली.

"आता?" कुंभाराने धापा टाकत विचारलं.

"आता, जे तेव्हा करायचं होतं, ते."

"सात दिवस? पुनव परवावर आलीय! लेक वाळूवर उभी राहील."

"घाई असेल तर निघ तू. वाटेत बुडशील."

कुंभाराने स्वतःच्या हाताने दगड उचलले. एकेक दगड त्या पुसून चकचकीत केलेल्या पोटात ठेवताना त्याचा जीव तुटत होता. होडी हळूहळू खाली गेली, आणि ती होती तिथे फक्त हिरवं पाणी उरलं. पुनव आली तशी गेली. कुंभार काठावर बसून त्या पाण्याकडे पाहत राहिला.

आठव्या दिवशी ओहोटीला दोघांनी दगड काढले, पाणी उपसलं. होडी वर आली, चिखलाने माखलेली. भरती चढली, होडी तरंगली. कुंभार खाली वाकला आणि त्याने फळ्यांवरून बोट फिरवलं. फट सापडेना. जिथे आधी बोटाचं नख शिरत होतं, तिथे लाकूड लाकडाला असं भिडलं होतं की जणू ते झाड कधी कापलंच नव्हतं. बाहेरून लाटा आपटत होत्या आणि आत एक थेंब येत नव्हता. कुणी ठोकलं नाही, कुणी सांधलं नाही. नुसतं पाणी प्यालं आणि लाकूड पाण्यालाच अडवू लागलं.

लेकीच्या गावी होडी खडकांतून अलगद आत शिरली आणि वाळूला लागली. लेक समोर उभी होती. तिच्या कुशीत तीन दिवसांची नात होती.

"पुनवेपासून रोज इथे येत होते, आबा," ती म्हणाली. "दिवसभर उन्हात उभी राहायचे. दिवस भरायच्या आधीच कळा इथेच सुरू झाल्या. तेव्हा हात धरायला माझं माहेरचं माणूस कुणी नव्हतं."

कुंभाराने मान खाली घातली. "होडीला चिखल लागू नये म्हणून जपली गं मी तिला. तांडेलाशी खोटंही बोललो. तिच्यापायी तू एकटी पडलीस." तो लहान मुलासारखा रडला. लेकही रडली. झालेलं काही परत येत नव्हतं.

बारसं करून, पावसाळ्याने समुद्र बंद व्हायच्या आत, तो दोघींना घेऊन निघाला. तेच कडे, त्याच खाड्या, तोच उंच डोंगर. लेकीने पदर गच्च आवळून बाळाला झाकलं होतं. कुंभाराने नातीचा एवढासा तळवा हातात घेतला आणि समुद्राच्या पाण्याला लावला.

"अहो आबा, भिजेल ती!"

"भिजू दे," कुंभार म्हणाला. "समुद्रकाठची आहे ती."

आणि बाळ रडलं नाही. त्याने नुसते डोळे मोठे केले.

तेव्हापासून त्या गावात दर साली होड्यांना पाणी पाजायच्या दिवशी पहिला दगड कुंभाराच्या घरचा असतो. तो ठेवताना म्हणतात, मायेपोटी जे कोरडं ठेवावं, ते ऐन वेळेला गळतं.